आधी फरशी, मग भिंत: घराच्या रंगांविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळीआधी रंगकाम काढायच्या बेतात असलेल्या वाचकांची बरीच पत्रं आली. त्यांतली सहा इथे घेतली आहेत. ज्या प्रश्नांचं उत्तर एकच होतं, ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमचा ७०० चौरस फुटांचा, दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. मुलीला तिच्या खोलीत जांभळा हवाय, सासूबाईंना देवघरापाशी केशरी, आणि ह्यांना सगळीकडे ऑफ-व्हाइट. पेंटर म्हणतो प्रत्येक खोलीला वेगळा रंग द्या. सगळं घर एकसंध दिसायला हवं असेल तर सुरुवात कुठून करायची? (कोथरूड, पुणे)

शेड कार्ड आठ दिवस कपाटात ठेवून द्या. सुरुवात करायची ती न बदलणाऱ्या गोष्टींपासून. कागद घ्या आणि लिहा : फरशी, स्वयंपाकघराचा ओटा आणि त्यामागच्या टाइल्स, दारांचं लॅमिनेट, खिडक्यांच्या चौकटी, सोफा बदलणार नसाल तर सोफा. रंग पाच-सहा वर्षांनी बदलता येतो, फरशी बदलत नाही. म्हणून भिंतीनं फरशीचं ऐकायचं.

या प्रत्येक वस्तूशेजारी कोरा पांढरा कागद धरा, दिवसा, खिडकीजवळ. बिल्डरनं बसवलेली ‘आयव्हरी’ व्हिट्रिफाइड टाइल एकटी पाहिली तर पांढरी वाटते. कागदाशेजारी ती पिवळसर आहे की गुलाबीसर, हे लगेच कळतं. ही जी आतली झाक, तीच घराचं सूत्र. टाइल पिवळसर असेल तर मुख्य ऑफ-व्हाइटही पिवळ्या झाकेचाच घ्या. गुलाबी झाकेचा घेतलात तर वर्षभर ‘काहीतरी खटकतंय’ एवढंच म्हणत बसाल, नेमकं काय ते सापडणार नाही.

आता मुख्य दारात उभे राहा आणि एका नजरेत किती भिंती दिसतात ते मोजा. मग सोफ्यावर बसून, मग स्वयंपाकघरातून. दोन बेडरूमच्या घरात हॉल, पॅसेज, स्वयंपाकघराचा तुकडा आणि दोन्ही बेडरूमची दारं बहुधा एकत्रच दिसतात. जे एका नजरेत दिसतं ते एकमेकांचं नातेवाईक असलं पाहिजे. जे दिसत नाही, तिथे मोकळीक घेता येते. मुलीच्या जांभळ्याची सोय इथेच होते. तिच्या खोलीची जी भिंत पॅसेजमधून दिसत नाही, ती जांभळी करा, पण राख मिसळल्यासारखा मळकट जांभळा घ्या. शेड कार्डावर तो फिका आणि उदास वाटेल, भिंतीवर पुरेसा जांभळा होईल. उरलेल्या तीन भिंतींना हॉलचाच ऑफ-व्हाइट.

७०० चौरस फुटांत पाच रंग पुरतात, त्याहून जास्त नकोत. छतासाठी स्वच्छ पांढरा. हॉल, पॅसेज आणि स्वयंपाकघराला एकच उबदार ऑफ-व्हाइट, कारण तीन छोट्या जागांना तीन रंग दिले की घराचे तुकडे दिसतात. मोठ्या बेडरूमला त्याच ऑफ-व्हाइटचा एक-दोन पायऱ्या गडद भाऊ, वाळूसारखा. चौथा मुलीचा जांभळा. आणि सासूबाईंचा केशरी देवघराच्या कोनाड्यात, फक्त कोनाड्यात. तोही भगव्या झेंड्यासारखा झगझगीत न घेता गेरूकडे झुकणारा घ्या. समईच्या उजेडात तो स्वतःच तापतो.

शेडच्या नावाखाली किंवा दुकानातल्या पंख्यासारख्या शेड-पुस्तकाच्या मागे ‘एलआरव्ही’ नावाचा एक आकडा असतो, ० ते १०० मधला. रंग किती उजेड परतवतो, ते तो सांगतो. छत ८५ च्या वर, हॉल ७५ ते ८०, वाळूचा रंग ५५ ते ६०, मुलीची एक भिंत ४० च्या आसपास. लागून असलेल्या दोन मोकळ्या जागांमध्ये २५ पेक्षा जास्त उडी नको. दाराआड असेल तर चालते.

‘साठ-तीस-दहा’चा ठोकताळा तुम्ही वाचला असेलच : साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के दुसरा, दहा टक्के उठावाचा. तो वाईट नाही, पण तो सगळ्या खोलीचा असतो, नुसत्या भिंतींचा नव्हे. फरशी, पडदे, पलंगावरची चादर सगळं त्यात धरायचं. भिंतींवरच तीन रंग त्या प्रमाणात वाटले की खोली बालवाडीसारखी दिसते.

शेवटची पायरी टाळू नका. प्रत्येक रंगाचा छोट्यात छोटा डबा घ्या. दोन फूट बाय दोन फुटांच्या जाड पुठ्ठ्यावर, कडेला दोन इंच पांढरं सोडून, दोन हात मारा. नमुना थेट भिंतीवर लावू नका, आजूबाजूचा जुना रंग डोळ्यांना फसवतो. पुठ्ठा पूर्ण वाळू द्या. इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यातला रंग, ओलं असताना दुधाळ दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं, त्यामुळे ओल्या रंगावर मत देऊ नका. मग तो फरशीला टेकवून उभा धरा : सकाळी, दुपारी तीनला, आणि रात्री दिवे लावून. खोलीच्या कोपऱ्यातही धरा, कारण कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींवर रंग फेकतात. पाचही पुठ्ठे एका रांगेत ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. रंगासाठी मोबाइलवर विसंबू नये, पण कोणता पुठ्ठा एकदम काळवंडतो ते त्यात चटकन दिसतं.

प्रश्न : हॉलला मोठ्या हौसेनं फिकट ग्रे दिला. शेड कार्डावर छान राखाडी होता. भिंतीवर निळसर-जांभळट दिसतोय आणि नवी कोरी क्रीम फरशी जुनाट पिवळी वाटतेय. दुकानदारानं चुकीचा रंग मिसळला का? (ठाणे)

शक्यता कमी आहे. डब्यावरच्या चिठ्ठीतला शेड नंबर शेड कार्डाशी जुळतोय ना, एवढं पाहून घ्या. जुळत असेल तर दोष डोळ्यांचा आहे, आणि तो सगळ्यांच्याच डोळ्यांत असतो.

पॅरिसच्या गोबलँ टॅपेस्ट्री (विणलेली भिंतचित्रं) कारखान्यात १८२४ साली शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगाईखात्याचे प्रमुख झाले. काळा धागा फिका पडतो, अशी विणकरांची तक्रार होती. शेव्रल यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी निळा-जांभळा धागा आला की काळा निस्तेज दिसत होता. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतात. पिवळ्याची विरुद्ध बाजू निळी-जांभळी. तुमच्या पिवळसर फरशीनं राखाडीला जांभळ्याकडे ढकललं, आणि राखाडीनं उलट फरशीला आणखी पिवळं केलं. गेली काही वर्षं ग्रेची लाट आली आणि क्रीम टाइल्स आधीच बसलेल्या होत्या, त्यामुळे हे दुखणं घरोघरी आहे.

दुसरं कारण दिवा. आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या एलईडी ट्यूब ६५०० केल्विनच्या असतात (केल्विन हे उजेडाच्या झाकेचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर). त्या उजेडात निळी झाक जास्त, त्यामुळे ग्रे आणखी थंड पडतो. तिसरं, मोठ्या भिंतींवर उजेड एकीवरून दुसरीवर आपटत राहतो आणि दर खेपेला थोडा रंग उचलतो. चार इंची तुकड्यात जी झाक लपलेली असते ती चारशे चौरस फुटांत उघडी पडते.

आधी स्वस्त उपाय. हॉलमधले सगळे दिवे एकाच वेळी बदलून ३००० ते ४००० केल्विनचे लावा. काही पिवळे, काही पांढरे असं मिश्रण नको. बॉक्सवर ‘सीआरआय’ (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, तो आकडा) ९० किंवा जास्त असलेले मिळाले तर उत्तमच. फरशी आणि भिंत यांच्यामध्ये मोठी तपकिरी किंवा मातकट सतरंजी आली की दोघांचं भांडण बरंच मिटतं. स्कर्टिंग (भिंतीच्या पायाशी लावलेली पट्टी) टाइलचंच असेल तर मात्र ते भिंतीला चिकटूनच राहणार.

एवढ्यानं भागलं नाही तर पुन्हा रंग. घाबरू नका, पुट्टीची गरज नाही. २२० किंवा ३२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलका हात फिरवा, धूळ ओल्या फडक्यानं पुसा आणि दोन हात मारा. पण या वेळी नुसता ग्रे मागू नका. ज्यात पिवळी माती आहे असा राखाडी मागा. दुकानातल्या मिक्सिंग मशीनच्या पडद्यावर प्रत्येक शेडचं सूत्र असतं, कुठले टिंट (मिसळायचे मूळ रंग) किती ते. काही दुकानदार दाखवतात, विचारून पाहा. काळ्याबरोबर पिवळा ऑक्साइड आणि किंचित लाल ऑक्साइड असेल तर तो रंग क्रीम फरशीशी जमवून घेईल. काळ्याबरोबर निळा किंवा जांभळा असेल तर सोडून द्या.

हे सूत्र बघायची सवय सगळ्या घरासाठी उपयोगी आहे. ज्या शेड्समध्ये तेच दोन-तीन टिंट कमी-जास्त प्रमाणात आहेत, त्या आपोआप एकमेकींच्या वाटतात. शेड्सची नावं मात्र विसरा. ‘मॉर्निंग’ काय आणि ‘मिस्ट’ काय, त्यावरून काहीच कळत नाही.

प्रश्न : आमची खोली पहिल्या मजल्यावर, उत्तरेला, समोर दुसरी इमारत. पांढराशुभ्र रंग दिला तरी अंधारच वाटतो. (गिरगाव, मुंबई)

पांढरा रंग उजेड तयार करत नाही, आलेला परतवतो. येणारा उजेडच कमी आणि निळसर असेल तर शुभ्र भिंत करडी, आजारी दिसते. छत पांढरंच राहू द्या. भिंतींना लोण्यासारखा उबदार फिका रंग द्या, एलआरव्ही ७० ते ७५. खरं काम खिडकीच्या जाडीत आहे. जुन्या इमारतींत ती नऊ इंच ते दीड फूट असते. तिच्या चारही आतल्या बाजूंना पांढरा सॅटिन (किंचित चकाकणारा) किंवा ऑइल पेंट लावा. आत येणारा उजेड पहिल्यांदा तिथेच आपटतो. आणि समोरची भिंत किंवा डक्ट तुमच्या सोसायटीचा असेल तर तो पांढरा करून घ्या. तुमच्या चारही भिंतींवर होईल त्यापेक्षा जास्त फरक त्या एका भिंतीनं पडेल. ती भिंत सध्या हिरवी किंवा गुलाबी असेल तर तुमच्या खोलीत तोच रंग येतोय, हेही लक्षात घ्या.

प्रश्न : टीव्हीमागच्या एका भिंतीला गडद पिवळा निवडला. चार हात झाले तरी खालचा रंग डोकावतो, रोलरचे पट्टे दिसतात. पेंटर म्हणतो माल खराब, दुकानदार म्हणतो पेंटर खराब. (नाशिक)

दोघंही कदाचित निर्दोष आहेत. रंगाला झाकण्याची ताकद मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या भुकटीतून येते. झळाळता पिवळा, लाल, केशरी बनवताना ती फारशी घालताच येत नाही, नाहीतर रंग फिका होईल. म्हणून अशा शेड्स जवळजवळ पारदर्शक बेसमध्ये (टिंट घालण्याआधीच्या मूळ रंगात) मिसळतात. पूर्वी झळझळीत पिवळा झाकायचा चांगला, कारण त्यात शिशाचं क्रोमेट असे. ते विषारी. भारतात नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) आहे, आणि ते योग्यच झालं. जाता जाता : जुन्या ऑइल पेंटची दारं-खिडक्या कोरड्या घासू नका. पाणी मारून ओल्या पेपरनं घासा, लहान मुलांना लांब ठेवा.

तुमच्या भिंतीवर पाचवा हात मारण्याआधी एक हात अस्तराचा द्या. पिवळ्याखाली हळदीसारखा नव्हे, तर मातकट पिवळा, पिवळ्या ऑक्साइडचा. तो स्वस्त असतो आणि झाकतो उत्तम. लालखाली फिकट गुलाबी किंवा मध्यम करडा. दोन हातांमध्ये निदान चार तास जाऊ द्या. घाई केली की दुसरा हात पहिल्याला उचलतो. कडा ब्रशनं कापल्यावर लगेच, ओल्यातच रोलर आणा. आधी चारही कडा कापून चहाला गेलं की भिंतीला फोटोफ्रेमसारखी चौकट दिसते. आणि ती भिंत पश्चिमेच्या उन्हात असेल तर झळाळता पिवळा टिकणं अवघड, ऑक्साइडचा पिवळा टिकतो. मग मातकटच ठेवून पाहा की! अस्तर बघून निम्म्या लोकांना तेच आवडतं.

प्रश्न : गावी चिऱ्याचं जुनं घर आहे, चुन्याच्या गिलाव्याचं. पुढच्या पडवीला निळा, आत पांढरा, असं पूर्वी होतं. दोन वर्षांपूर्वी बाहेरून-आतून प्लास्टिक पेंट दिला, आता पोपडे सुटतायत. दुसरा चांगल्या कंपनीचा रंग सुचवा. (सावंतवाडी)

कंपनी बदलून उपयोग नाही. चिरा पाणी पितो, आणि कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. जोत्यातून वर चढलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडत असते. त्यावर प्लास्टिकचा पापुद्रा चढवलात की ती अडते, सोबतचे क्षार पापुद्र्यामागे साठतात आणि रंगाला ढकलून काढतात.

सगळं सुटलेलं खरवडून काढा. न सुटलेलंही काढावं लागेल, कारण चुना प्लास्टिक पेंटवर धरत नाही. जिथे सिमेंटनं डागडुजी केली असेल तो तुकडाही फोडून चुन्याचाच गिलावा करा. भिंतीला एक उन्हाळा मिळू द्या. मग मुरवलेला चुना पातळ कापडातून गाळून दुधाइतका पातळ करा. आदल्या दिवशी भिजवलेला रंग त्यात मिसळा. कोरड्या रंगाचं वजन चुन्याच्या दहाव्या हिश्श्याच्या वर नको, नाहीतर हात लावला की रंग हाताला येतो. भिंत पाण्यानं ओली करून पातळ चार-पाच हात. दाट एक हात मारला की पापडी सुटते. चुना डोळ्यात गेला तर इजा होते, चष्मा लावा.

चुना इमल्शनच्या उलट वागतो : ओला गडद, वाळला की कितीतरी फिका. पत्र्यावर नव्हे, गिलाव्याच्याच तुकड्यावर नमुना वाळवून बघा.

चुन्यात सगळे रंग जगत नाहीत. गेरू, पिवडी (पिवळी माती) आणि इतर लोहाचे ऑक्साइड टिकतात. निळ्यासाठी अल्ट्रामरीनची भुकटी घ्या, चुना तिला काही करत नाही. प्रशियन ब्लू मात्र चुन्यात मरतो. बाटलीतली पातळ नीळ कपड्यांसाठी ठेवा.

जुन्या घरांचे रंग इतके एकजीव का दिसतात, याचं उत्तरही यात आहे. सगळ्यांचा पांढरा एकच, चुन्याचा, आणि रंग तीन-चार भुकट्यांचे. पणजीच्या फोंतेन्यासमधली पिवळी, निळी, तांबडी घरं शेजारी शेजारी असूनही भांडत नाहीत. खिडक्या-कोपऱ्यांच्या पांढऱ्या पट्ट्या त्यांना बांधून ठेवतात. तुमच्या पडवीचा निळा, जोत्याला गेरू, खिडक्यांभोवती चार इंच पांढरी पट्टी आणि आत नुसता चुना, एवढंच ठेवा. दर एक-दोन वर्षांनी पावसाळ्यानंतर एक हात द्यावा लागेल. पोपडे खरवडण्यापेक्षा ते सोपं.

प्रश्न : एका खोलीला किती रंग लागतो? कंत्राटदार सांगतो तेवढे डबे आणतो, शेवटी दोन उरतात नाहीतर एक कमी पडतो. वर्षानं टचिंग केलं तर ठिगळंही दिसतात. (लातूर)

मोजा. खोली १२ बाय ११, उंची १० फूट. चारही भिंतींची लांबी ४६ फूट, गुणिले १०, म्हणजे ४६० चौरस फूट. दार २१, खिडकी १६ आणि भिंतीतलं कपाट ४९ वजा केलं, उरले ३७४. डब्यावर दोन हातांना लिटरमागे १२० ते १५० चौरस फूट वगैरे लिहिलेलं असतं. ते गुळगुळीत भिंतीवरचं. ११० धरा. साडेतीन लिटरच्या आत-बाहेर लागेल, चार लिटरचा डबा घ्या. छत १३२ चौरस फूट, त्याला सव्वा लिटर. पुट्टी किलोमागे १५ चौरस फूट धरली तर भिंती आणि छत मिळून ५०६ ला ३४ किलो, म्हणजे ४० किलोची एक गोणी. सगळ्या घराचा झटपट अंदाज हवा असेल तर कार्पेट क्षेत्रफळाला साडेतीननं गुणा. भिंती-छत मिळून साधारण तेवढं भरतं.

नवा गिलावा असेल तर २८ दिवस तो पक्का होण्याचे आणि त्यानंतर वाळण्याचे वेगळे. दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपनं चिकटवून एक दिवस ठेवा. आतून दव दिसलं तर थांबा. ओल्या, क्षारयुक्त गिलाव्यावर रंग उडतो, तोही जागोजागी वेगळा, आणि मग जुळवून निवडलेले पाच रंग पंचवीस होतात.

एका शेडचे सगळे डबे एकाच दिवशी, एकाच मशीनवर मिसळून घ्या आणि घरी आणल्यावर मोठ्या बादलीत एकत्र करून परत भरा. दोन खेपांत थोडा फरक असतोच. तो भिंतीच्या मधोमध दिसण्यापेक्षा बादलीत मुरलेला बरा. मध्येच कमी पडलाच तर नवा डबा आतल्या कोपऱ्यापासून सुरू करा.

टचिंगची ठिगळं बहुतेक वेळा रंगाची नसतात, चकाकीची असतात. मॅट (बिनचकाकीचा) रंग टचिंग लपवतो पण डाग धरतो. सॅटिन पुसता येतं पण टचिंग उघडं पाडतं आणि भिंतीचे उंचवटेही दाखवतं. बेडरूमला मॅट आणि पॅसेज-स्वयंपाकघराला सॅटिन घ्या. एकच शेड दोन्हींत घेतली तर सॅटिनची थोडी गडद भासेल, ते धरून चाला. मॅट भिंतीला टचिंग करताना मुळात रोलर वापरला असेल तर छोटा रोलरच वापरा, ब्रश नको. सॅटिनची मात्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत मारा.

उरलेला अर्धा लिटर घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात, काठोकाठ भरून ठेवा. डब्यात हवा राहिली की साय धरते. झाकणावर खोली, शेड नंबर, बेस, चकाकी आणि तारीख मार्करनं लिहा, आणि मशीनच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. ती चिठ्ठी सहा महिन्यांत कोरी होते.